दोन वर्षं छोट्या कॅम्पसवर, मग मेन कॅम्पस: मुलीला पाठवावं का? (पेन स्टेट, २+२)

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. आम्ही फिलाडेल्फियाच्या उत्तरेला राहतो. लेक बारावीला आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं तिच्या डोक्यात आठवीपासून आहे. पेन स्टेटला (पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी) अर्ज करताना तिने पहिली पसंती युनिव्हर्सिटी पार्क, म्हणजे स्टेट कॉलेज गावातला मेन कॅम्पस दिली होती. प्रवेश मिळाला तो अ‍ॅबिंग्टनला, म्हणजे त्यांच्या एका छोट्या कॅम्पसला, २+२ या पद्धतीने. दोन वर्षं इथे आणि पुढची दोन तिकडे.

पत्र आलं त्या संध्याकाळी ती जेवली नाही. तिच्या वर्गातल्या दोघांना थेट मेन कॅम्पस मिळाला. त्यात सांगलीहून आबांचा, माझ्या सासऱ्यांचा, फोन आला. "मोठ्या कॉलेजात नाही का मिळालं?" त्यांनी साधेपणाने विचारलं, पण ती उठून खोलीत गेली ती गेलीच.

घरापासून कॅम्पस पंचवीस मिनिटांवर. ट्यूशन मेन कॅम्पसपेक्षा कमी आणि घरी राहिली तर राहण्या-जेवणाचा खर्च वाचेल. धाकटा तीन वर्षांनी कॉलेजला जाईल, तेव्हा हा पैसा आम्हाला खरोखर महत्त्वाचा आहे. पण पैशासाठी मुलीला मागे ठेवतोय का, हा विचार पाठ सोडत नाही. दुसऱ्या एका खाजगी कॉलेजातही मिळालंय, तिथे कर्ज काढावं लागेल. ज्यांच्या मुलांनी हे केलंय किंवा ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा. पंधरा दिवसांत उत्तर कळवायचं आहे.

रेडिंगकर
ताई, आमचा मुलगा पेन स्टेटच्याच बर्क्स या छोट्या कॅम्पसला दोन वर्षं होता, नंतर युनिव्हर्सिटी पार्क. आता नोकरीला लागून चौथं वर्ष चालू आहे. तेव्हा आमच्याही घरात हेच वातावरण होतं.

आधी एक गैरसमज काढतो, कारण तो आम्हाला फार उशिरा कळला. पेन स्टेटच्या आतल्या आत जाणं याला तिथे ट्रान्सफर म्हणतच नाहीत. त्याला 'चेंज ऑफ कॅम्पस' म्हणतात. विद्यापीठ एक, विषयांचे क्रमांक तेच आणि मार्कांची नोंदही एकच. तुमची लेक पहिल्या दिवसापासून पेन स्टेटचीच विद्यार्थिनी आहे. शेवटी पदवी मिळते तीवर सुरुवात कुठे केली हे छापत नाहीत.

आता खरी मेख. कॅम्पस बदलणं सोपं आहे, कठीण आहे ते शाखेत शिरणं. त्याला 'एन्ट्रन्स टू मेजर' म्हणतात आणि मेन कॅम्पसवर पहिल्या दिवसापासून असलेल्या मुलांनाही ती चाळणी असतेच. इंजिनिअरिंगसाठी मॅथ १४० आणि १४१ (दोन्ही कॅल्क्युलस), केमिस्ट्री ११० आणि फिजिक्स २११ हे चार विषय किमान सी ग्रेडने सुटलेच पाहिजेत. त्यावर जीपीएची, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीची, अट, ती शाखेनुसार वेगळी. तेव्हा "दोन वर्षांनी आपोआप मेकॅनिकल" असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

आणि हे सगळं सुरू कुठून होतं? उन्हाळ्यात घरी बसून दिल्या जाणाऱ्या गणिताच्या परीक्षेपासून. तिचं नाव अ‍ॅलेक्स. त्यात कमी पडलात तर कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितात बसवतात. मग १४० एक सत्र पुढे, त्यामागून १४१ पुढे, फिजिक्सही पुढे ढकललं जातं. चार सत्रांत बसणारं गणित पाच सत्रांवर जातं ते असं. आमच्या मुलाने ती परीक्षा पहिल्यांदा पलंगावर लोळत, टीव्ही चालू ठेवून दिली आणि आपटला. सुदैवाने पुन्हा देता येते. मग मी तीन आठवडे रोज रात्री त्याच्याबरोबर त्रिकोणमिती घेऊन बसलो. तीस वर्षांनी साइन-कॉस बघत होतो, पण त्या तीन आठवड्यांनी त्याचं एक अख्खं सत्र वाचलं.

स्पष्टबोल
मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. पैसाच वाचवायचा तर अर्धवट कशाला वाचवायचा? तुमच्या भागात माँटगोमेरी काउंटी कम्युनिटी कॉलेज आहे, ब्लू बेलला. काउंटीतल्या रहिवाशांना फी आणखी कमी. दोन वर्षं तिथे काढा आणि मग कुठेही अर्ज करा. पेन स्टेटलाच बांधून का घ्यायचं?

रेडिंगकर
स्पष्टबोल, मुद्दा चांगला आहे आणि ज्याचं शाखेचं अजून नक्की नाही त्याला मीही हेच सांगेन. इथे मुलीला मेकॅनिकलच करायचंय आणि पेन स्टेटच हवंय. बाहेरून येताना क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत. प्रत्येक विषय त्यांच्या कुठल्या विषयाबरोबर जुळतो ते बघावं लागतं आणि एखादा नुसता ऐच्छिक विषय म्हणून जमा होतो, म्हणजे उपयोग शून्य. आतल्या आत कॅम्पस बदलला की क्रेडिट आणि जीपीए दोन्ही जसेच्या तसे बरोबर. अर्थात पहिल्या सत्रात मार्क घसरले तर तेही बरोबरच येतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

स्पष्टबोल
ग्रेड येत नाहीत हे माहीत नव्हतं. पटलं. पण खाजगी कॉलेजचं कर्ज काढू नका, यावर मी ठाम आहे. बाविसाव्या वर्षी मुलीच्या डोक्यावर हप्ते नकोत.

तंत्रनिकेतन_८९
मी पुण्यात असतो, अमेरिकेतलं काही माहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

मी दहावीनंतर डिप्लोमाला गेलो. घरची परिस्थिती तशी होती, बारावी सायन्स आणि क्लासेस परवडणार नव्हते. तीन वर्षांनी डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. म्हणजे आपल्याकडचं हेच. आत शिरलो तेव्हा बारावीकडून आलेली मुलं आम्हाला "डिप्लोमावाले" म्हणायची आणि त्या शब्दात सगळं आलं. पहिल्या सत्रात एम-थ्रीने, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताने, माझं कंबरडं मोडलं, कारण बाकीच्यांचं पहिल्या वर्षाचं गणित ताजं होतं, माझं नव्हतं. पण वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहिलो की चित्र पालटायचं. मी तीन वर्षं हात काळे केलेले, त्यांना चक कसा घट्ट करायचा तेही माहीत नव्हतं. डिसेंबरपर्यंत तीच मुलं वर्कशॉपचा जॉब पूर्ण करायला माझ्याकडे यायची आणि मी गणिताला त्यांच्याकडे.

मुलीला सांगा, उशिरा येणाऱ्याला गटात शिरायला काहीतरी हातात घेऊन जावं लागतं. तिने ही दोन वर्षं कुठलं तरी एक काम पक्कं शिकून घ्यावं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर असो, वेल्डिंग असो, प्रोग्रॅमिंग असो.

निळीछत्री
मी स्वतः २+२ केलंय. मुलीच्या जागी मी होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आईवडिलांच्या चर्चेत ही बाजू नेहमी राहून जाते.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. वर्गात पंचवीस-तीस मुलं असायची आणि कॅल्क्युलसच्या सरांना माझं नाव माहीत होतं. त्यांच्या खोलीचं दार उघडं दिसलं की वही घेऊन आत जायचे. पुढे मेन कॅम्पसला शेकडो मुलांच्या सभागृहात बसले तेव्हा कळलं की ती केवढी चैन होती. अभ्यासात मी कुठेच कमी पडले नाही. ज्यांना भीती आहे की छोट्या कॅम्पसचं शिक्षण हलकं, त्यांना माझं उत्तर एवढंच की थर्मोडायनॅमिक्सला मला ए होता आणि त्याचा पाया तिथेच घातला गेला.

कठीण गेलं ते तिसरं वर्ष. ऑगस्टमध्ये बाबा गाडी भरून सोडून गेले. गाव छोटं आणि विद्यापीठ प्रचंड. फुटबॉलच्या पहिल्या शनिवारी बीव्हर स्टेडियममध्ये लाखावर माणसं होती, निळ्या-पांढऱ्या कपड्यांत. मी खोलीच्या खिडकीतून बघत होते, कारण कुणाबरोबर जायचं ते माहीत नव्हतं. बाकीच्यांनी पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये जी ओळख करून घेतली होती, ती माझ्या वाट्याला आलीच नव्हती.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. लॅबचा पहिला तास. टीए, म्हणजे लॅब घेणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी, म्हणाला, चौघाचौघांचे गट करा. दहा सेकंदांत सगळे एकमेकांकडे वळले, स्टुलं सरकल्याचा आवाज झाला आणि मी वही छातीशी धरून मधोमध उभी. शेवटी खिडकीशी तिघं दिसले. तिकडे जाऊन विचारलं, "चौथी हवी आहे का?" तेवढं एक वाक्य बोलायला मला केवढा धीर गोळा करावा लागला ते मलाच ठाऊक. त्यातली एक मुलगी बेहरेंडहून, म्हणजे एरीच्या कॅम्पसहून, माझ्यासारखीच त्याच महिन्यात आलेली निघाली. ती आजही माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

त्या सप्टेंबरात मी घरी रोज फोन करायचे आणि "छान चाललंय" म्हणायचे. आईने दिलेलं मेतकूट संपलं तेव्हा रिकामी बरणी घेऊन रडले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे असंच होतं. मग हळूहळू बसायला जागा सापडल्या, माणसं सापडली.

चैत्रपालवीताई, म्हणून माझं सांगणं असं. दोन वर्षं घरी राहताना तिने कॅम्पसवरून थेट घरी येऊ नये. क्लब, टीम, प्रोजेक्ट, जे असेल त्यात शिरावं. बरोबर पुढे जाणारी चार मुलं तिथेच जोडली जातात. आणि दुसऱ्या वर्षी मेन कॅम्पसला दोन-तीनदा नुसतं राहून यावं. तिचे वर्गातले दोघं तिथे आहेत म्हणालात ना? त्यांच्याकडे.

शिवाय घराचं बघा. स्टेट कॉलेजमध्ये पुढच्या ऑगस्टसाठीची घरं आधीच्या शरद ऋतूतच भाड्याने जायला लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच शोधायला लागा. मी मार्चमध्ये जागी झाले आणि उरलेलं घेतलं, कॅम्पसपासून दोन बस दूर.

ह्यूस्टनचे_काका
टेक्सासचा अनुभव थोडक्यात. आमच्या मुलाला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा (यूटीचा) ऑस्टिनचा मेन कॅम्पस न मिळता कॅप मिळालं होतं, म्हणजे आधी यूटीच्या दुसऱ्या कॅम्पसवर शिकून मग ऑस्टिनला जायची योजना. एक वर्ष सॅन अँटोनियोच्या यूटीला, मग ऑस्टिन. त्याच्या वेळी ३० क्रेडिट आणि ३.२ जीपीए ही अट होती. ती पाळली की ऑस्टिनच्या लिबरल आर्ट्समध्ये जागा नक्की. पण इंजिनिअरिंग, बिझनेस, कॉम्प्युटर सायन्स त्या हमीत नव्हतं! कितीतरी आईबाप तिथेच फसले, "ऑस्टिन नक्की" एवढंच ऐकलं आणि कुठल्या शाखेत ते विचारलंच नाही. आमच्याला इकॉनॉमिक्स हवं होतं, ते लिबरल आर्ट्समध्येच येतं, म्हणून निभावलं. हमी कशाची आहे ते शब्द न् शब्द वाचा.

अंगणवेल
काकांना अनुमोदन. आमची गोष्ट वेगळ्या राज्यातल्या, वेगळ्या विद्यापीठाची. नाव घेत नाही. मुलाला छोट्या कॅम्पसवर सल्लागाराने सांगितलं की स्टॅटिक्सनंतरचा डायनॅमिक्स वसंत सत्रात घे. वसंतात कळलं, तो विषय त्या कॅम्पसवर फक्त शरदात शिकवतात. पुढचे दोन विषय त्यावर अवलंबून. एक अख्खं वर्ष लांबलं. मुलगा म्हणतो चूक माझीच, मी विचारायला हवं होतं. अठरा वर्षांच्या पोराने काय काय विचारायचं? अजून मनातून गेलेलं नाही.

रेडिंगकर
अंगणवेल, वाईट वाटलं वाचून. आणि हेच लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं. मेकॅनिकलला पहिल्या चार विषयांनंतर साखळी चालूच राहते: फिजिक्स २१२, गणिताचे पुढचे दोन आणि ई-मेक २११, २१२, २१३, म्हणजे स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ. यातला कुठला विषय अ‍ॅबिंग्टनला कुठल्या सत्रात असतो, हे आत्ता, होकार कळवण्याआधी ईमेलने विचारा. तोंडी नको, लेखी उत्तर मागा. विद्यार्थी कमी पडले की छोट्या कॅम्पसवर एखादा वर्ग ऐनवेळी रद्द होऊ शकतो, तसं झालं तर पर्याय काय हेही विचारा. उन्हाळी सत्रात किंवा ऑनलाइन भरून काढता येतं बऱ्याचदा.

कोकणस्थलांतरित
एक प्रश्न. पेन स्टेटचे काही कॅम्पस बंद होणार ना? मग ह्या भानगडीत पडायचंच कशाला?

रेडिंगकर
होणार आहेत. मे २०२५ मध्ये विश्वस्तांनी सात कॅम्पस बंद करायचं ठरवलं: डुबॉइस, फेएट, मॉन्ट आल्टो, न्यू केन्सिंग्टन, शेनँगो, विल्क्स-बॅरी आणि यॉर्क. २०२७ च्या वसंत सत्रानंतर ते बंद. अ‍ॅबिंग्टन, बर्क्स, बेहरेंड, हॅरिसबर्ग, लिहाय व्हॅली वगैरे मोठे कॅम्पस राहणार आहेत, त्यामुळे ताईंना ती काळजी नाही.

पण मला त्या बातमीचं फार वाईट वाटलं, हे इथे लिहितोच. ह्यातले काही कॅम्पस १९३० च्या दशकातल्या मंदीत निघाले. कोळशाच्या आणि गिरण्यांच्या गावांतल्या पोरांना घर सोडून शिकायला जायला पैसे नव्हते, म्हणून विद्यापीठच गावात आलं. डुबॉइस १९३५ चं. आता त्या भागांत मुलंच कमी झाली, वर्ग भरेनात, खर्च वाढला. आकडे मलाही समजतात. पण तिथल्या ज्या पोरीला रोज दीड तास गाडी चालवणं शक्य नाही, तिने काय करायचं?

तंत्रनिकेतन_८९
हे आमच्याकडच्यासारखंच झालं. तालुक्याला कॉलेज होतं म्हणून माझी बहीण शिकली. जिल्ह्याच्या गावी पाठवलंच नसतं तिला.

निळीछत्री
माझ्या लॅबमधला एक जण त्या सातांपैकी एका कॅम्पसहून आला होता. घरातला पहिलाच कॉलेजला गेलेला. सकाळी भावाच्या दूधगोठ्यात काम करून तो वर्गाला जायचा. हा मार्ग फक्त "मेन कॅम्पस न मिळालेल्यांचा" नाही. कितीतरी जण आपणहून तोच निवडतात. चैत्रपालवीताई, लेकीला हे नक्की सांगा.

आणि एक विचारायचं राहिलं. तिला स्वतःला काय वाटतंय? इथे आम्ही सगळे बोलतोय, तिचं अजून ऐकलं नाही.

चैत्रपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. निळीछत्री, तुझा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला. लॅबच्या प्रसंगापाशी थांबली, परत वाचला. मग म्हणाली, "आई, मला अभ्यासाची नाही, ह्याचीच भीती वाटत होती." गेले दहा दिवस मला वाटत होतं तिला कमीपणा वाटतोय. तो होताच थोडा, पण आतलं कारण वेगळं होतं. सगळे पुढे निघून जातील आणि आपण दोन वर्षांनी अनोळखी म्हणून जाऊ, हे तिला डाचत होतं. मी विचारलंच नव्हतं.

काल दोघी अ‍ॅबिंग्टनला जाऊन आलो. झाडी खूप, मधे बदकांचं तळं. पूर्वी तिथे ओगॉन्ट्झ नावाची मुलींची शाळा होती, १९५० मध्ये ती जागा पेन स्टेटला मिळाली. त्या शाळेच्या विद्यार्थिनींमध्ये अमेलिया एअरहार्टही होती, हे कळल्यावर मात्र लेकीचा चेहरा बदलला. विमानांचं वेड आहे तिला. मशीन शॉप बघायला मागितलं, तिथल्या माणसाने अर्धा तास दाखवलं. येताना गाडीत म्हणाली, थ्रीडी प्रिंटर तर रिकामाच पडलेला होता.

रेडिंगकर, तुम्ही सांगितलेले प्रश्न तिनेच ईमेल केले. उत्तर आलंय, डायनॅमिक्सचं सत्र नीट बघून घ्यावं लागेल, बाकी जमतंय. अ‍ॅलेक्सचा अभ्यास जूनमध्ये. तिचे बाबा त्रिकोणमितीचं पुस्तक शोधतायत.

ह्यूस्टनचे_काका
वा! म्हणजे होकार?

चैत्रपालवी
हो काका, आज कळवलं. खाजगी कॉलेजला नकार दिला.

तिने चारी सत्रांचा एक तक्ता करून फ्रिजवर लावलाय. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या रकान्यात लाल पेनाने लिहिलंय, 'घर शोधणे'. निळीछत्री, ते तुझं.

सकाळी तिनेच आबांना फोन लावला. म्हणाली, आबा, मी पेन स्टेटला चालले, दोन वर्षं घरून आणि दोन वर्षं तिकडे राहून. आबांनी नीट ऐकून घेतलं. त्यांना प्रश्न एकच पडला, "म्हणजे गणपतीला यंदा घरीच आहेस?" ती हो म्हणाली. "मग आरतीला व्हिडिओ कॉल तूच लाव," म्हणाले, "तुझ्या बापाला जमत नाही."

रेडिंगकर
अभिनंदन! सप्टेंबरात पहिली कॅल्क्युलसची परीक्षा झाली की इथे लिहा. आणि मशीन शॉपच्या त्या माणसाचं नाव तिने लिहून ठेवलं असेल तर फार बरं, पहिल्याच आठवड्यात त्याला जाऊन भेटायला सांगा.